कोरडा पेपर

"विकून टाक गं हे गळकं प्रकरण. दादा होता तोवर ठीक होतं," शेजारी बसलेले काका म्हणाले. शाल्मलीने बाबांची नवी गाडी आंबा घाटात घातली.

बाबा रोज शब्दकोडं सोडवून झालं की तोच पेपर गाडीखाली अंथरत. सकाळी त्यावर तेलाचा डाग असे. टर्बोचा दाब इंजिनात कोंडतो आणि तेल बाहेर ढकलतो, हे शोरूमला सांगून ते थकले. शेवटी त्यांनी बाहेरून तो दाब कोंडू न देणारा दणकट व्हॉल्व्ह मागवला. तो घरी आला तेव्हा बाबा या जगात नव्हते. काल तिने त्यांच्याच पान्यांनी तो बसवला.

घाटमाथ्यावर तिने इंजिन चालूच ठेवून आजचा पेपर खाली सरकवला. चहा संपल्यावर ओढून काढला. एक थेंबही नव्हता.

काकांनी पेपर उन्हात धरून उलटापालटा करून पाहिला. "दादाचंच खरं झालं की! आता विकलीस तर बघ." मग त्यांनी स्टीअरिंगकडचं दार उघडलं. "सरक तिकडे. पुढे मी चालवतो."

ती शेजारच्या सीटवर बसली, कोरडा पेपर मांडीवर पसरला आणि रिकाम्या शब्दकोड्यात पहिला शब्द लिहिला.