अवलंबून आईचा संप

“मी? तुझ्यावर अवलंबून?” तुळसाबाईंनी फॉर्मवर सही तर केली, पण पेन असं आपटलं की टोपण उडून चुलीपाशी गेलं.

“अगं आई, तुझ्या औषधपाण्याचा खर्च दाखवला की माझा आयकर वाचतो. त्यासाठी तसं लिहावंच लागतं,” यशवंतमास्तर काकुळतीला आले.

“मग आजपासून बसूनच खाते. धार तूच काढ!” म्हणत त्या खाटेवर पाय पसरून बसल्या. ठिपकी गाय त्यांच्या ओवीशिवाय पान्हा सोडत नसे. या घरात आपल्यावाचून अडतं ते एवढंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मास्तर गोठ्यात बसले. ओवी येते कुणाला? त्यांनी चाल लावून सतराचा पाढा सुरू केला. ठिपकीने मान वळवून पाहिलं, कान हलवले, आणि दूध चरवीत वाजू लागलं. चरवी काठोकाठ भरली.

हरखून ते आईला सांगणार, तोच खिडकीतून ती दिसली. पदर खोचून, खाटेच्या अगदी कडेला, हाकेची वाट बघत बसलेली.

मास्तरांनी दूध गुपचूप बादलीत ओतलं, बादली कडब्याच्या पेंढ्यांआड ढकलली आणि ओरडले, “आई, ही ऐकतच नाही गं!”

“सरक, मेल्या!” तुळसाबाई धावतच आल्या. ओवी गोड उमटली, पण चरवीत चार थेंब पडले तेवढेच.

“बघ! पाढे म्हणून म्हणून आटवलीस की रे गाय!”

“चुकलंच माझं,” मास्तर म्हणाले, आणि पेंढ्यांकडे निघालेल्या मांजरीला त्यांनी पायानं हळूच मागं सारलं.