राणीचा झगा

"हात वर कर," बटण म्हणाली.

सगळे जिला 'नवी'च म्हणत त्या पोरीनं दोन्ही हात वर केले, अगदी धूमकेतूच्या राणीसारखे, बोटं पसरून. शिलाईच्या दुकानातल्या आरशात स्वतःला तसं पाहून तिला हसूच आलं. बाकड्यावर बसलेली ढापणी टाळ्या पिटत म्हणाली, "आली गं आली, राणी आली!"

बटणाच्या हातातली टेप नवीच्या छातीभोवती जरा जास्तच आवळली गेली.

"ताई, श्वास तरी घेऊ द्या."

बटण आणि ढापणी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकीच्या फ्रॉकला कायम एक बटण कमी, दुसरीच्या नाकावर जाड काचा. नावं तेव्हा चिकटली ती चिकटलीच. टीव्हीवरच्या धूमकेतूच्या राणीच्या मालिकेचं वेडही तेव्हापासूनचं. आता एक कपडे शिवते, दुसरी समोरच्या दुकानात औषधं विकते. पण भेटल्या की अजून भांडण तेच, राणीचं यान तिसऱ्या चंद्रावर थांबलंच का? दरवर्षी या मालिकेच्या वेड्यांचा मेळावा भरतो. ढापणी राणी होते. बटण होते राणीची यंत्रदासी: पुठ्ठ्याचा चंदेरी डबा, डोळ्यांपुरती फट. सुईमागून दोरा जावा तशी ती ढापणीच्या मागून चालते. शेवटी दिवे मंद होतात, राणी हात वर करून धूमकेतूला हाक मारते आणि सगळं सभागृह तिच्याबरोबर हात वर करतं.

आणि या वर्षी ढापणी म्हणत होती, राणीचा झगा हिच्या मापानं शिव. हिच्या! औषधाच्या दुकानात कालपरवा लागलेली, मालिकेचा पहिला भागसुद्धा धड न पाहिलेली पोर.

"सवत आली वाटतं तुला," त्या दोघी गेल्यावर बटणाची वहिनी म्हणाली. ती कोपऱ्यात बसून काजं करत होती. "पण चण मात्र तुझीच हं. पाठमोरी दिसली तर मी तुलाच हाक मारीन."

"माझी? काहीतरीच तुझं."

बटणानं मशीन सुरू केलं. आल्यागेल्याचं माप घेणाऱ्या त्या बाईनं स्वतःच्या अंगाला टेप कधी लावली नव्हती. स्वतःचं काही शिवायचं तर जुन्या कपड्यावरून नवा बेतायचा, तोही गिऱ्हाइकाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून.

दुपारी ढापणीचं हसू रस्ता ओलांडून दुकानात यायचं. पूर्वी त्या हसण्यामागची गोष्ट बटणाला न विचारता कळायची. आता दोघी कशावर खिदळतायत ते कळेना. ती पायाखालचं मशीन जोरात हाणायची, म्हणजे ते ऐकू यायचं नाही.

झगा मात्र वाईट शिवणं तिच्या हातून होईना. निळं कापड, त्यावर काळोखात चमकणारे मणी, गळ्यापासून घोळापर्यंत धूमकेतूची शेपटी. एकेक मणी लावताना वाटे, हा तिच्या गळ्याशी बसणार. पुढचा मणी आणखी जपून लावला जाई.

शेवटी बगलेची शिवण उरली. तिथं तिनं मशीन घातलं नाही. हातानं कच्चा धावदोरा टाकला, बारीक, वरून कुणाला कळणार नाही असा. चालताना टिकेल. बसताना टिकेल. हात वर केले की टरकन फाटेल, दोन्हीकडून, भर सभागृहात.

त्या रात्री तिला छान झोप लागली.

मेळाव्याच्या दिवशी झगा घेऊन ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली. नवी साध्या कपड्यांत, गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होती. यंत्रदासीचा डबा भिंतीशी होता. रंग उडालाय म्हणून ढापणीनं तो कालच नेला होता.

"ही अजून तयार नाही? आणि ढापणी कुठाय?"

"इथं," डबा म्हणाला. फटीतून जाड काचा चमकल्या. "आज डब्यात मी. घाल तो झगा."

"मी? अगं, तो हिच्या मापाचा—"

"ती तुझ्याच मापाची आहे, वेडे. म्हणून तर तिला दुकानात उभी केली. तुला सांगितलं असतं तर स्वतःसाठी जुन्या पडद्याचा शिवला असतास."

नवी हसत पुढे आली. "ताई, मला काय कळतंय त्या मालिकेतलं? मी नुसती पुतळा होते." तिनं झगा बटणाच्या डोक्यावरून सोडला. तो तिच्या अंगावर पाण्यासारखा उतरला. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही.

"दरवर्षी शेवटी डब्यातून ठक् वाजतं," ढापणी आतून म्हणाली. तिचा आवाज पुठ्ठ्यात घुमत होता. "तूही आत हात वर करतेस. छताला आपटतात. मला पुढे उभ्या उभ्या ऐकू येतं गं."

बटणाचा हात बगलेकडे गेला. "थांब जरा. सुई दे कुणीतरी. एकच टाका..."

"पुरे झाले टाके! तुझी शिवण कधी उसवली आहे का आजवर?" डब्यानं तिला मागून ढकललं. "चल, लोक थांबलेत."

दिवे मंद झाले. झग्यावरचे मणी एकेक करून उजळले, तशी सभागृहातून लांबच लांब हाक उठली. पाहता पाहता सगळे हात वर गेले. नवीचा कॅमेरा वर गेला. बटणाच्या पाठीमागे, डब्याच्या आत, ठक् वाजलं.

खाली होते ते फक्त राणीचे हात, कोपरं अंगाशी घट्ट धरलेली.