डोंगा कोणाच्या नावावर

"मरताना मानूस घराचं बोलते, वावराचं बोलते. मामाजी बोलले ते डोंग्याचं. अन् तेही परक्या पोरीसाठी," डांबराचा ब्रश फिरवता फिरवता साधना पुटपुटली. शेजारी फळ्यांच्या फटींत कापूस ठासत बसलेल्या सासूला, म्हणजे वच्छलाबाईंना, ऐकू जावं इतपतच मोठ्यानं.

"हात चालव. सुनील बारा वाजता येनार हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. सुनेशी भांडायला आज त्यांना वेळ नव्हता. आज डोंगा गेला की सुटलो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

डोंगा धरणाच्या काठावर पालथा पडला होता. मूळचा तो धरण बांधणाऱ्या ठेकेदाराचा. काम संपलं, ठेकेदार गेला, आणि वच्छलाबाईंच्या सासऱ्यांनी दुभती म्हैस देऊन तो घेतला. घरात वर्षभर कोरा चहा. सासूबाई शेवटपर्यंत त्या डोंग्याला 'म्हैस'च म्हणत.

सासऱ्यांमागून तो वच्छलाबाईंच्या नवऱ्याच्या, साधनाच्या मामाजींच्या, म्हणजे मारोतरावांच्या हाती आला. चाळीस वर्षं सांजेला जाळं टाकायचं, पहाटे काढायचं, रोहू-कतला घाटंजीच्या बाजाराला. एकदा पुरात रस्ता बुडाला, तेव्हा त्यानं अख्खी वरात पार केली होती, नवरदेव ओल्या जाळ्यावर बसून. तीन फळ्या बदलल्या, बूड तेवढं जुन्या सागवानाचं राहिलं. मारोतराव डावखुरे, वल्ह्याची खोबण त्यांनी डावीकडे घेतलेली. दुसऱ्या कोणी वल्हं धरलं की डोंगा जागच्या जागी गरगर फिरे. त्यांचा मुलगा गोविंदा तर डोंग्यात बसला की ओकायचा. शेवटी तो मोबाईलच्या दुकानात लागला.

अपेक्षा मात्र डावखुरी, तिच्या हाती डोंगा सरळ जाई. तिची माय जाळी विणायला यायची. माय गेली तेव्हा अपेक्षा नऊ वर्षांची. मावशीकडे राहायची, आणि पहाट झाली की मारोतराव तिला डोंग्यात पुढं बसवायचे. आता ती अठ्ठावीसची. गेली चार वर्षं जाळं तीच ओढत होती, तेच तिचं पोट.

मारोतरावांनी जाताना सगळ्यांना जवळ बोलावलं होतं. "अपेक्षाले नाव देजा," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

खोलीत कोणी कोणाकडे पाहिना.

"नाव म्हंजे डोंगाच ना," गोविंदा घाईनं म्हणाला.

"हो, डोंगाच," वच्छलाबाई त्याच्याहून घाईनं म्हणाल्या.

बारा वाजता सुनील आला. मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी, बगलेत फाईल. तोवर गोविंदा आणि अपेक्षाही काठावर आले होते. सगळ्यांनी मिळून डोंगा उलथवला, पाण्यात ढकलला आणि वाकून बूड बघत राहिले. एक थेंब आत आला नाही.

"तरली बाप्पा म्हैस!" साधनासुद्धा हसली. वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. जमलं म्हणायचं.

सुनीलनं डोंग्याच्या काठावर अर्ज पसरला. "धरणात डोंगा चालवाचा परवाना. अर्जदार, अपेक्षा. आता सांगा, मयताशी नातं काय?"



"कामाले होती म्हना," गोविंदा म्हणाला.

"नाही चालत, गोविंदाभाऊ. वारसच लागते. नाही तर डोंगा पान्याभायेर काढा."

"मंग त्या हॉटेलवाल्याले देऊन टाकू," साधना म्हणाली. "त्याच्यात फुलझाडं लावतो म्हने."

अपेक्षानं वल्हं उचलून डोंग्यात आडवं ठेवलं. "राहू द्या काकू. तुमी एवढं केलं, लय झालं. मी जाईन कापूस वेचाले." आणि ती काठाचा चढ चढू लागली.

वच्छलाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. डोंगा दिला की तेवढ्यावर भागेल असं त्यांनी धरलं होतं. गावानं धरलं होतं, घरानं धरलं होतं, त्या पोरीनंही धरलं होतं.

"थांब वं पोरी," त्या म्हणाल्या. "गोविंदा, इकडं पाह्य. आपल्या घरात या डोंग्याले कधी कोनी 'नाव' म्हटलं काय रे?"

गोविंदा पाण्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, नाही. आणि खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखा हळूच खाली काठावर बसला.

"मंग लिही," वच्छलाबाई सुनीलला म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा लागला. "अपेक्षा मारोतराव पचारे. नातं, लेक."