दुप्पट

वाटाघाटींच्या प्रशिक्षणात सरांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती. "वीस हवे असतील तर चाळीस मागा. समोरचा निम्मे कापतोच."

वेढ्यात अडकलेल्या इस्पितळातून जखमींना काढायला मी दोन गाड्या घेऊन गेले. दोन्हींत मिळून जागा वीसच. नाक्यावरच्या कमांडरपुढे चाळीस नावांची यादी ठेवली.

त्यानं चहा संपवला आणि सरळ सही केली. "सगळे न्या, ताई. तासाभरात. मग रस्ता बंद."

मी पोचेपर्यंत इस्पितळात बातमी गेली होती. चाळीसही जण दाराशी येऊन थांबले होते. नातवाला धरून उभ्या असलेल्या आजीनं विचारलं, "त्यानं नाही म्हटलं का गं कुणाला?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि वीस नावं खोडायला पेन काढलं.