अंगठ्याच्या रेघा

मंदीत बांधकामं थांबल्यावर सरकारनं फुकट गहू जाहीर केला आणि येडशीच्या रेशन दुकानापुढं रांग लागली. वाटपावर नजर ठेवायला तहसीलचे साहेब बसले होते. दैवशालाबाईंनी मशीनवर अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. साहेबांनी रजिस्टर जवळ ओढलं. “तीन वर्षं यांच्या नावापुढं ‘अंगठा उमटत नाही, वहीत नोंद करून धान्य दिलं’ लिहिलंय. आज कसा उमटला?” दुकानदार गोरामोरा झाला. “तेव्हाचं धान्य कोण खात होतं?” साहेबांनी त्याला विचारलं. उत्तर दैवशालाबाईंनी दिलं. “म्याच, साहेब. तवा वीटभट्टीवर व्हते. विटा उचलून रेघा झिजायच्या.” साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून अंगठा निरखला. रेघ न् रेघ शाबूत होती. “मग या कुठून आल्या?” दैवशालाबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं. “महिना झाला भट्टी बंद हाय. काम लागलं की परत झिजतील.”