‘येतो’ म्हणावं

सदानंद दिवाळी अंकासाठी एका जुन्या, गाजलेल्या गँगस्टरपटाच्या दुसऱ्या भागावर लेख लिहीत होता, पण शेवटचा परिच्छेद काही केल्या जमत नव्हता. त्यातल्या गोळीबाराचं आणि पाठलागाचं कौतुक सगळ्यांनी करून झालं होतं. त्याला सांगायचं होतं ते उंबऱ्याबद्दल.

‘पहिल्या भागात नायक घरातून निघताना “जातो” म्हणतो,’ त्यानं लिहिलं, ‘आणि आई आतून दटावते, “जातो नाही, येतो म्हणावं.” दुसऱ्या भागातही तो “जातो”च म्हणतो. आई मात्र खाली मान घालून भाजी निवडत राहते. तिला सगळं कळलंय, हे दिग्दर्शक एवढ्यावरच सांगतो. सबंध सिनेमात याहून भयंकर प्रसंग नाही.’

एकदाचं जमलं, म्हणून तो खुशीत आला. तेवढ्यात निनादनं हेल्मेट उचललं.

“बाबा, जातो मी.”

“हं,” सदानंद म्हणाला आणि सवयीनं कान स्वयंपाकघराकडे लावले. शाळेत जायला लागल्यापासून पोरगं हीच चूक करत होतं, आणि वृंदा रोज आतून त्याला टोकत होती.

बाहेर बाईक सुरू झाली. गल्लीच्या टोकाला आवाज विरून गेला, तरी आतून कुणी बोललं नाही.

तो उठून आत गेला. वॉशिंग मशीनपाशी वृंदा निनादची पँट मांडीवर घेऊन बसली होती. खिशातून निघालेलं तुटकं मंगळसूत्र तिच्या तळहातावर होतं.

तिचं तिच्या गळ्यात होतं.