दुसरी पंगत

ओसरीवर सतरंजीची पट्टी अंथरून सात ताटं मांडली होती. सुयोगनं ती मनातल्या मनात मोजली. त्याच्याबरोबर आलेली पोरं सहा. सातवं ताट कुणाचं, हे विचारायची त्याला भीती वाटली.

पोरं हातपाय धुऊन रांगेत बसली. सगळी पुण्याच्या एकाच वसतिगृहातली, सुयोगच्याच वर्गातली. त्यांच्यातल्याच सूरजच्या काकांची ट्रॅक्स जीप घेऊन हैदराबाद आणि तिथून पुढं बंगलोर बघायला निघालेली, आणि खिसा म्हणाल तर झाडून सगळ्यांचा फाटका. झोपायचं धर्मशाळेत, खायचं हातगाडीवर, चारमिनार खालूनच बघायचा. गाडीत स्टो होता, तांदळाची पिशवी होती. पहिलं जेवण सुयोगच्या घरी, लोणी देवकरला, हे मात्र सुयोगनंच सुचवलं. गाव सोलापूर रस्त्यालगत, वाकडी वाट नाही, आणि फुकटात पोटभर. एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मंडळींनी त्या दिवशी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सुयोगला दुसरी पंगत हवी होती.

त्यांच्या घरात पाहुणा आधी जेवायचा. घरची माणसं वाढायची, आग्रह करायची, आणि पाहुण्यांचं उरकलं की आत चुलीपुढं गोल करून बसायची. उरलंसुरलं खायचं, पण खरं जेवण तेच. कुणी किती हाणलं ते सांगून हसायचं, भाव पडल्याचं, गाय व्याल्याचं, रुसल्याफुगल्याचं सगळं तिथंच निघायचं. मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर पाणीदार डाळ ओरपताना सुयोगला आईच्या हातची चव आठवायची नाही, तो चुलीपुढचा गलका आठवायचा. दिवाळीनंतर तो आजच घरी येत होता.

थोरला भाऊ महिपती आमटीची बादली घेऊन बाहेर आला तसा सुयोग पुढं झाला. "आण, मी वाढतो."

आईनं, रंगूबाईनं, त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "बस की. ताट निवतंय."

"मी तुमच्यासंगं बसतो मागनं."

"आन् पाव्हणी काय म्हनतील? तूच दुकानात फोन करून सांगितलंस न्हवं, आमी सात जन येतोय म्हनून? सात जनांच्या चपात्या केल्यात मी."

फोनवर सुयोग तसंच म्हणाला होता. घरी येणाऱ्या पाहुण्यांत घरचं माणूस स्वतःला मोजत नाही, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याच्या तोंडून सात निघून गेले होते, आणि आईनं ते जसेच्या तसे धरले होते. तिला त्याचं वाईट वाटलेलंही दिसत नव्हतं. उलट लेक पुण्याच्या पोरांच्या बरोबरीनं बसतो, याचंच तिला कोण कौतुक. तो सातव्या ताटावर बसला.

ताटात चपाती होती, शिरा होता, भरली वांगी होती. भाकरी नव्हती. भाकरी पाहुण्याला वाढत नसत.

वडील मोहनराव कमरेवर हात ठेवून रांगेपुढून फिरत होते. "लाजू नका पोरांनो. आपलंच घर समजा." शेवटाला आले आणि सुयोगच्या पुढं वाकून म्हणाले, "तू पन घे की रं. लाजतोस काय?"

"काका, आता हैदराबादपर्यंत काही लागत नाही बघा," शिऱ्याचं बोट चाटत सूरज म्हणाला. मग सुयोगकडे वळला. "हैदराबादला नाही का रे तुझं कुणी? नाहीतर बंगलोरला?"

रांग हसली. सुयोगही हसला. हसू आलं नव्हतं, पण रांगेत बसलं की हसावं लागतं.

जेवणं झाली. पोरं विहिरीवरची मोटर बघायला गेली, दोघं बाजेवर आडवी झाली. सुयोग ओसरीच्या खांबाला टेकून बसला. आत ताटं खडखडली, पाट सरकले. धाकटी बहीण संजीवनी कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक सूरजचीच, आणि महिपतीला ठसका लागला होता. आई "गप गं, ऐकू जाईल" म्हणत स्वतःच फिदीफिदी हसत होती. सुयोगला राहवेना. इतका एकटा तो मेसमध्येही कधी पडला नव्हता. तो उठला आणि आत गेला.

चुलीपुढं चौघं गोल करून बसली होती. बाजरीची भाकरी आमटीत चुरलेली. संजीवनीनं गाल फुगवले होते, ते तिनं चटकन सोडले. हसणं थांबलं. आईनं डावा हात जमिनीला टेकला आणि ती जेवणावरनं उठली.

"काय पायजे? हाक मारायची की. आनून दिलं आसतं."

मला पण एक भाकरी टाक, असं म्हणायचं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण पोट शिऱ्यानं तट्ट भरलं होतं, आणि आपल्याच घरात मागायची त्याला लाज वाटली.

"पाणी," तो म्हणाला.

तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला. सुयोग उभ्याउभ्याच प्यायला लागला. वडिलांचा हात ताटावर थांबला होता, महिपतीचा आणि संजीवनीचाही. त्याचं पिऊन होईपर्यंत कुणीच घास उचलला नाही.